मिठागराचे दोन सूर्य

रोज पहाटे सूर्याला अर्घ्य द्यायचे आणि दहा वाजल्यापासून दवाखान्यात बसून येणाऱ्या प्रत्येकाला त्याच सूर्यापासून जपून राहायला सांगायचे, हा व्यवसाय मी परळला चाळीस वर्षे केला. माझी पत्नी म्हणत असे, की ज्याची सकाळी स्तुती करायची त्याचीच दिवसभर चहाडी करणारा माणूस तिने माहेरी कधी पाहिला नव्हता. मी तिला सांगत असे, की उगवता सूर्य उपास्य आहे आणि मध्यान्हीचाही उपास्यच आहे, पण लांबून. राजाला मुजरा करायचा असतो, त्याच्या मांडीवर जाऊन बसायचे नसते. हे उत्तर मला फार आवडत असे. तिला ते आवडल्याचे कधी दिसले नाही.

मी पाठशाळेत शिकलेला वैद्य. भोईवाड्याजवळ दोन खोल्यांत दवाखाना थाटला तेव्हा ज्वर, संग्रहणी, संधिवात अशा भारदस्त रोगांची अपेक्षा होती. पण भोवताली गिरण्या. रंगखात्यातले कामगार हातांची सालपटे निघालेल्या स्थितीत येऊ लागले, त्यांना गुण आला, त्यांनी आणखी चौघांना पाठवले, आणि दोन-तीन वर्षांत मी ‘कातडीचे वैद्य’ होऊन बसलो. संस्कृतात याला ‘त्वग्रोगचिकित्सक’ असा चांगला शब्द आहे. मी तो पाटीवर लिहून घेतला होता. लोक पाटीखाली उभे राहून विचारत, कातडीचे वैद्य इथेच बसतात ना?

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला आमच्या शास्त्रात अवभासिनी म्हणतात. वर्ण आणि कांती उजळून दाखवणारी, असा तिचा अर्थ. तिची जाडी भाताच्या दाण्याच्या अठराव्या हिश्श्याएवढी सांगितली आहे. बाजारातल्या साऱ्या पावडरी आणि मलमे या अठराव्या हिश्श्याच्या भरवशावर विकली जातात, आणि माणसाचे वयही आपण या अठराव्या हिश्श्यावरूनच ठरवतो. वार्धक्याचे मात्र शास्त्राने दोन प्रकार केले आहेत. एक काळाने येते. त्याला नमस्कार करावा. दुसरे अकाली येते. त्याचे कारण शोधावे. वाक्य पाठ करायला सोपे आहे. समोर बसलेल्या माणसाचे वार्धक्य या दोहोंपैकी कोणते, हे ओळखणे तितके सोपे नाही, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी एका मिठागराच्या मुकादमाने शिकवले. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख.

पण आधी त्या वर्षांविषयी थोडे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. भर दुपारी मोर्चे निघत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओटीवर लाल माना आणि सोललेली नाके रांगेने बसलेली असत. त्यांच्यासाठी मी शतधौत घृत करून ठेवत असे. तांब्याच्या परातीत गाईचे तूप घ्यायचे, थंड पाणी घालून तळहाताने फेटायचे, पाणी ओतून टाकायचे, आणि असे शंभर वेळा. शेवटी तूप तुपासारखे राहत नाही, लोण्याहून हलके आणि पांढरेशुभ्र होते, आणि भाजलेल्या कातडीवर चंदनासारखे निववते. मोजण्यात चूक होऊ नये म्हणून मी जपमाळेवर मोजत असे. मण्यांची संख्या एकशे आठ असल्यामुळे माझ्या तुपाला आठ धुणी जास्तच मिळत. पत्नीचे म्हणणे, त्या आठ धुण्यांचे पुण्य तुपाला आणि जपाचे पुण्य कोणालाच नाही.

दादरहून आलेले एक गृहस्थ मला विसरता येत नाहीत. भुवयांच्या वर तीन बोटांवर त्यांच्या कपाळाला आडवी रेघ होती. रेघेखाली कपाळ काळसर, वर गोरे. वीस वर्षे काँग्रेसची पांढरी टोपी घातल्याची ती खूण. चळवळ पेटल्यावर टोपी त्यांनी उतरवली, पण कपाळ ते विसरायला तयार नव्हते. सभेला गेले की लोक आधी त्यांच्या कपाळाकडे पाहत आणि मग विचारत, काय, परवाच उतरवली वाटते? रेघ पुसून द्या, असे त्यांचे म्हणणे. मी सांगितले, खालचे उजळण्यापेक्षा वरचे काळे करणे सोपे आहे. आठ दिवस मोर्च्यात पुढे चाला. ते म्हणाले, “वैद्यबुवा, पुढे चालणाऱ्यावर लाठी बसते. मागून चालणाऱ्यासाठी काही लेप नाही का?”

अशा दिवसांत, माघातल्या एका सकाळी, रावजी तांबे माझ्याकडे आले. चेहऱ्यावर नांगरटीसारख्या सुरकुत्या, मानेची कातडी जाड होऊन तिच्यावर चौकटी पडलेल्या, कानशिलांवर तपकिरी डाग. मागे तिशी ओलांडलेली, तुकतुकीत चेहऱ्याची एक बाई. मी आदराने म्हणालो, या आजोबा, बसा. बाईंनाही म्हणालो, सूनबाई, तुम्हीही टेका.

बाई टेकल्या, पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, “सासरे आमचे गावाला असतात, वैद्यबुवा. हे मालक.”

मालकांचे वय विचारले तर चाळिसाला एक कमी, असे बाईंनीच सांगितले. पंचावन्न वर्षांच्या वैद्याने एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला आजोबा म्हणावे, याची मला लाज वाटली. ती लपवण्यासाठी मी घाईने रावजींकडे वळून विचारले, काय होते आहे रे तुला?

“बघा,” बाई नवऱ्याला म्हणाल्या, “तरुण झाल्याचा पहिला तोटा. तुमचं ‘तुम्ही’ गेलं.”

रावजी हसले. मी हसू शकलो नाही. मी दिलेला मान माणसाला नव्हता, सुरकुत्यांना होता, हे या बाईने पहिल्या दोन मिनिटांत दाखवून दिले होते. त्या दिवसापासून रावजींना मी कधी एकेरी हाक मारली नाही.

दोघे काळाचौकीला चाळीत राहत. रावजींची पत्नी सुभद्राबाई गिरणीत रिळे भरण्याच्या खात्यात होत्या, दिवसभर छपराखाली. रावजी अँटॉप हिलच्या पलीकडच्या मिठागरात अठरा वर्षे होते आणि आता मुकादम झाले होते. समुद्राचे पाणी बांधलेल्या वाफ्यांत घ्यायचे, उन्हाने आटवायचे, मीठ धरले की लांब दांड्याच्या फळीने ओढून त्याच्या राशी करायच्या, असे ते काम. बरोबरचे कामगार त्यांना ‘आजा’ म्हणत. त्यांच्या शब्दाला मान होता, भांडणात निवाडा तेच करत, आणि त्याचे निम्मे श्रेय आपल्या सुरकुत्यांना आहे हे ते स्वतःच सांगत.

तक्रार सुरकुत्यांची नव्हतीच. हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडेला आणि पापण्यांच्या खालच्या बाजूला आग होत असे, कातडी तडकत असे. मी नेहमीचा उपदेश केला, की डोके झाकावे आणि सावलीत बसावे. मुंडासे ते बांधतच होते. सावलीविषयी म्हणाले, “मिठागरात सावली म्हणजे आपली आपल्याला पडेल तेवढीच, वैद्यबुवा. तिच्यात बसता येत नाही.”

मी रक्तशुद्धीचा काढा दिला, घृत दिले. पंधरा दिवसांनी स्थिती तशीच. पथ्य पाळले जात नसावे, अशी मला शंका. औषधात दम नसावा, अशी सुभद्राबाईंना. दोघेही आपापली शंका सभ्यपणे बोलत होतो. मला कोडे पडले होते ते एवढेच, की ऊन वरून पडते, तर हनुवटीच्या खाली ते पोचते कसे? शेवटी फाल्गुनातल्या एका दुपारी दवाखाना बंद ठेवून, छत्री घेऊन मी मिठागरावर गेलो.

बांधावर उभा राहिलो आणि उत्तर डोळ्यांतच घुसले. क्षितिजापर्यंत पांढरे मीठ आणि मधून मधून आरशासारखे पाणी. वरच्या सूर्याला छत्री आडवी होती. खाली दुसरा सूर्य पसरला होता, त्याला काहीच आडवे नव्हते. रावजी वाकून मीठ ओढत होते आणि तो खालचा सूर्य त्यांच्या हनुवटीला, नाकपुड्यांना, पापण्यांना चाटत होता. मुंडासे बिचारे चुकीच्या राजाशी लढत होते. मी तासभर तेथे उभा राहिलो, कामगारांशी बोललो, आणि शास्त्राचा विजय झाल्याच्या आनंदात गिरगावला घरी परतलो.

संध्याकाळी माझीच हनुवटी पेटली. आरशात पाहिले तर छत्रीखालचे कपाळ जसेच्या तसे आणि दाढीच्या जागेखाली लालभडक पट्टा. पत्नीने घृत आणून दिले आणि म्हणाली, की एवढे न्यायशास्त्र शिकलात, तर छत्री उलटी धरायला काय हरकत होती?

मग मी लेप केला. घृतात पुष्पांजन मिसळले. जस्त जाळले की जो पांढरा फुलासारखा धूर धरतो, त्याचे हे चूर्ण. पूर्वापार डोळ्यांच्या अंजनात वापरतात. त्याचा थर पांढरा आणि अपारदर्शक बसतो. सूर्य वरचा असो वा खालचा, आत येऊ शकत नाही. रावजींनी तो दोन दिवस लावला आणि तिसऱ्या दिवशी पुसून टाकला. मिठागरात त्यांना विचारले गेले होते, की आजा, चतुर्थीला अजून सहा महिने आहेत, तुमचे रंगकाम एवढ्यात काढले का? हनुवटी आणि नाक पांढरे, बाकी चेहरा काळा. लालबागच्या मूर्तिकाराने अर्धवट ठेवलेल्या गणपतीसारखे दिसत असणार हे मला मान्य करावे लागले. मुकादमाला ते परवडणारे नव्हते. मी लेपात थोडी सोनकाव, म्हणजे गेरूसारखी तांबूस माती, घातली. रंग कातडीशी मिळाला, हसणे थांबले, आणि तीन आठवड्यांत आग आणि तडकणेही थांबले. सोनकाव घालण्याची ती युक्ती माझी स्वतःची. कोणत्याही ग्रंथात ती नाही, याचा मला शास्त्राभिमानी असूनही आनंद होतो.

चैत्रात, ऐन हंगामात, दोघे पुन्हा आले. या वेळी हनुवटी ठीक होती. चेहरे ठीक नव्हते.

मिठागराच्या कचेरीने दोन वर्षांपूर्वी कामगारांचे नवे रजिस्टर केले होते. जन्माचा दाखला कोणाकडेच नव्हता. कारकून विचारी आणि कामगार सांगे ते लिहिले जाई. रावजींना आईने जे सांगितले होते तेच त्यांनी सांगितले, की साथीत जन्मलो. आता आमच्या पिढीला ‘साथ’ म्हटले की दोन आठवतात. एक, मागच्या शतकाच्या अखेरीस आलेला प्लेग. दुसरी, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेली तापाची साथ, जिला खेड्यापाड्यांत मानमोडी म्हणत. दोहोंमध्ये वीस-एकवीस वर्षांचे अंतर. रावजींच्या आईच्या बोलण्यातली साथ मानमोडीची होती. कारकुनाने मान वर केली, समोरचा चेहरा पाहिला आणि प्लेगाचे साल लिहिले. त्याला दुसरे विचारण्याची गरजच वाटली नाही.

आता कचेरीचे फर्मान निघाले होते, की साठ उलटलेल्यांना हंगामाअखेर कमी करायचे. यादीत रावजींचे नाव पहिले होते. आई वारलेली, गावात कागद नाही. तक्रार केली तेव्हा साहेबांनी एवढेच मान्य केले, की कचेरीच्या डॉक्टरांनी तपासून वय लिहून द्यावे. ते लिहितील ते अखेरचे. वैद्याचा दाखला चालणार नाही, हेही त्यांनी आपण होऊन सांगितले होते.

मी म्हणालो, हा कारकुनाचा शुद्ध अडाणीपणा आहे. सुभद्राबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

“कारकुनाला कशाला बोलता, वैद्यबुवा? तुम्हीही पहिल्या दिवशी आजोबाच म्हणालात. तुम्ही तर शिकलेले. हे काम गेलं तर दुसरीकडे जातील कुठे? दारात उभे राहिले की सगळे हेच म्हणणार, या आजोबा, बसा. काम कोण देणार?”

मग मी ते केले जे तीन महिन्यांपूर्वी करायला हवे होते. रावजींना सदरा काढायला सांगितले.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. तीन महिने मी त्यांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, हनुवटी पाहिली. सदरा काढून अंग तपासले नाही. रंगखात्यातल्या रोग्यांना उघडे करून मी तपासत असे. येथे माझा हात नाडीवरच्या तीन बोटांपुढे गेला नव्हता. रावजींनी आदल्याच वर्षी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, हे मला ठाऊक होते. त्यापूर्वी ते कोणत्या समाजातले होते, हेही ठाऊक होते. सोवळ्याओवळ्यातले काही मी मानत नाही असे चारचौघांत सांगत असे आणि मला ते खरेही वाटे. माझी बोटे माझ्यापेक्षा प्रामाणिक होती.

मिठागरात रावजी उघड्या दंडांनी काम करत, त्यामुळे मनगटापासून खांद्यापर्यंत कातडी चेहऱ्यासारखीच रापलेली. पण उजव्या दंडावर, कोपराच्या वर, दोन बोटे रुंद असा एक पट्टा उजळ आणि मऊ. मी बोट फिरवले. ती एखाद्या तरुणाची कातडी होती.

विचारले तेव्हा कळले, की तेथे लहानपणापासून ताईत होता. तांब्याची डबी आणि ती धरून ठेवणारी कापडाची रुंद पट्टी. दंड वाढेल तशी आई पट्टी बदलत गेली आणि पुढे बायको. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी तो सोडून ठेवला. मी देवभक्त माणूस, ताईतावर अगदीच अविश्वास नाही. म्हणालो, बघा, तुम्ही त्याला सोडलेत, पण त्याने तुमचे रक्षण केलेच.

रावजी म्हणाले, “केलं ना. दोन बोटं. बाकी माणूस उघडाच ठेवला.”

 

कचेरीचे डॉक्टर धुरंधर यांचा दवाखाना दादरला होता. तरुण, नेमके बोलणारे, वैद्यांविषयी थोडी गंमत वाटणारे. वैशाखातल्या एका सकाळी आम्ही तिघे गेलो. रावजी आत शिरले तसे डॉक्टर उठून म्हणाले, या आजोबा. सुभद्राबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि मी भिंतीकडे.

मी प्रास्ताविक केले. अकालजरेचे लक्षण सांगितले, संस्कृतातून सांगितले आणि मराठीत अर्थही सांगितला. डॉक्टर सौजन्याने ऐकत होते. सौजन्याने ऐकणाऱ्या माणसाचे लक्ष नसते हे मला पाठशाळेपासून माहीत आहे. म्हणून थांबलो आणि विचारले, डॉक्टर, माझे वय किती असेल?

त्यांनी पाहिले आणि पंचेचाळीसचा अंदाज केला. मी पंचावन्न सांगितले. मग माझ्या बाराबंदीची बाही वर सारली, रावजींना सदरा काढायला सांगितले, आणि दोघांचे दंड त्यांच्या टेबलावर शेजारी ठेवले.

डॉक्टरांची गंमत तेथे संपली. त्यांनी भिंग काढले. ताईताचा पट्टा पाहिला, काखेजवळचा दंडाचा आतला भाग पाहिला, पोटावरची कातडी पाहिली. चिमटीत धरून सोडली की रावजींची कातडी लगेच सपाट होई. तळहाताच्या पाठीमागची मात्र तंबूसारखी उभी राही. मग त्यांनी मला न विचारता माझ्या दंडाची चिमटी घेतली. ती सावकाश सपाट झाली. बसून बसून जपलेला माझा देह उन्हाने न पाहिलेल्या रावजींपुढे हरला होता, आणि हरल्याचा एवढा आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. डॉक्टरांनी डोळेही तपासले. म्हाताऱ्यांच्या बुबुळाभोवती जी फिकट कडी धरते ती नव्हती.

हात धुता धुता त्यांनी मला समजावून सांगितले. सूर्याच्या प्रकाशात जांभळ्याच्या पलीकडचे काही किरण असतात, हल्ली त्यांना अतिनील म्हणतात. ते दिसत नाहीत आणि ऊबही देत नाहीत, म्हणून माणूस त्यांच्यापासून जपत नाही. ते कातडीच्या पेशींच्या गाभ्याला इजा करतात. शरीर ती रोज दुरुस्त करते, पण रोजची इजा रोजच्या दुरुस्तीपेक्षा जास्त झाली की शिल्लक राहत जाते, आणि कातडीला ताणून धरणारे धागे तुटत जातात. तीच सुरकुती. मीठ आणि पाणी त्या किरणांना परत वर फेकतात. मी सांगितले, की हे शेवटचे मला माझ्या हनुवटीने आधीच सांगितले आहे.

ते कागद घेऊन बसले. लिहिले मात्र नाही. लेखणी हातात धरून म्हणाले, “वैद्यबुवा, कोणत्या साथीत जन्मले हे कातडी सांगत नाही, पण साठ नाहीत, चाळिशीच्या आसपास आहेत, एवढं मी शपथेवर लिहीन. फक्त एक विचारतो. हे लिहिलं की हे आणखी वीस वर्षं त्याच मिठावर उभे राहणार. जे तुम्ही तीन महिने सावरलंत, ते आपण दोघं मिळून बिघडवतो आहोत, नाही का?”

 त्या प्रश्नाला मी तयारच नव्हतो. वय सिद्ध करण्याच्या भरात कशासाठी सिद्ध करतो आहोत, हे माझ्या मनात एकदाही आले नव्हते.

उत्तर रावजींनी दिले. सदऱ्याच्या गुंड्या लावत, अगदी सावकाश. “डॉक्टर, ऊन मला म्हातारं करेल, पण हळूहळू. कचेरी एका दिवसात करते आहे. तुम्ही लिहा.”

सुभद्राबाई खिडकीकडे पाहत होत्या. 

डॉक्टरांनी लिहिले. खाली एक ओळ आपण होऊन घातली, की या कामगाराला दुपारच्या वेळी छपराखालचे काम द्यावे. पुढे कळले, की कचेरीने वय मान्य केले. त्या ओळीविषयी कचेरीचे म्हणणे असे पडले, की मिठागरात छप्पर नाही.

बाहेर पडलो तेव्हा साडेदहा झाले होते. रावजींनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, वरून हात दाबला आणि म्हणाले, अर्धाच दिवस रजा काढली आहे, निघतो. सुभद्राबाईंची गिरणीतली पाळी दुपारची होती. त्यांनी नवऱ्याकडे जरा पाहून घेतले आणि म्हणाल्या, “जा आता. पण घरी आल्यावर पोरांसमोर फार तरुणपणा करू नका.” ते हसत हसत रस्ता ओलांडून वडाळ्याच्या दिशेने चालू लागले. वैशाखाचे ऊन डांबरावरून उसळत होते.

त्यांना मागून हाक मारून सांगावे असे इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडाशी आले, की उन्हातून जाऊ नका, सावलीच्या बाजूने चला. मी तोंड उघडलेही. मग लक्षात आले, की त्यांना त्या उन्हात परत पाठवण्यासाठीच तर मी सकाळी स्नान-संध्या आटोपून, देवाला नमस्कार करून, यश दे म्हणून निघालो होतो. आणि त्याने ते दिले होते.

ते वळणापर्यंत दिसत होते. चालणे खरोखरच चाळिशीच्या माणसाचे होते. इतके दिवस मी चेहराच पाहत आलो होतो. दिसेनासे झाले तेव्हा मी परळच्या ट्रामची वाट पाहत एका दुकानाच्या छपराखाली सावलीत जाऊन उभा राहिलो.